भिंतीला टेकलेली गाडी

१

त्या रविवारी सकाळी नानांची गाडी जागची हलेना.

गाडी म्हणजे पडद्यावरची. माझे वडील, पुंजाराम साळवे, एसटीत ड्रायव्हर होते. नगर, अकोले, राजूर हा त्यांचा रस्ता. ते निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाने, प्रवीणने, सावेडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून दिला. मागल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत, कामानिमित्त सिंगापूरला गेला तेव्हा येताना तो बिनवायरचा गेमपॅड घेऊन आला. दोन्ही हातांत धरायचा काळा ठोकळा, अंगठ्यांखाली बटणं. घरात सगळे त्याला रिमोटच म्हणत. त्याची जोडीदार म्हणजे एक चपटी डबी. ती कॉम्प्युटरच्या पाठीमागे लांब वायरने जोडलेली असे. रिमोट बोलायचा आणि डबी ऐकायची.

"डबी बहिरी झाली का काय?" नानांनी रिमोट कानाशी हलवून पाहिला. "स्नेहल, बघ बरं. तू तर कॉलेजात शिकवतीस."

मी कर्जतच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. शनिवारी घरी यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. मी सेल बदलून पाहिले, वायर काढून पुन्हा बसवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गाडी ढिम्म. शेवटी कानिफनाथला बोलावलं. सावेडी नाक्याजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रिमोट हातात घेतला की तो दर वेळी सुस्कारा टाकायचा, "नाना, नगरमध्ये असा दुसरा नाही बरं का."

त्याने डबी उलटी केली. खाली एक बारीक चाक होतं, तसंच रिमोटच्या पाठीलाही. "चॅनेल. इथं दोन आहे, तिथं तीन. कुणीतरी पुसताना सरकवलंय."

"मी पुसली," आई आतून म्हणाली. "धूळ बसली हुती. मग काय तशीच ठेवू?"

"म्हंजे दोघांची बोली एक पाहिजे," नाना म्हणाले आणि गाडी सुरू झाली.

नाना खेळायचे ती शर्यत होती, पण ते एसटी चालवायचे. वळणावर वेग कमी करायचे. आपली बाजू सोडायची नाही, कुणाला दाबायचं नाही. बाकीच्या सगळ्या गाड्या धूळ उडवत पुढे जायच्या. शेजारच्या घरातले मच्छिंद्रकाका त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होते; नाना त्यांना मास्तरच म्हणत. ते खुर्ची ओढून बाजूला बसायचे आणि गाडी निघताना स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे. डबल बेल.

"अरे पुंजा, शेवटचा आला परत!"

"येऊ दे. त्यांना घाई हाय. आपल्याकडं पासिंजर हायेत."

"भिंतीला घासून काढली असतीस वळनावर, तर दुसरा तरी आला असतास."

"घासून?" नाना खरोखर दुखावले. "मास्तर, उभ्या जन्मात गाडी घासली न्हाई, आता घासू?"

मधल्या दारातून आत्याचा आवाज आला. राहीआत्या, नानांची थोरली बहीण, राजूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती. डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही वर्ज्य, म्हणून ती आतल्या खोलीत बसून असायची. "पुंजा, काय चाललंय रे?"

"गाडी चालवतोय आक्का."

"घरात? वेडं झालं का काय!"

संध्याकाळी बुद्धवंदना झाली की नाना खेळ थांबवून आत जायचे, आत्याच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि तिच्यापाशी बसून राहायचे. थेंबांनंतर तिला बराच वेळ डोळे मिटून ठेवावे लागत. त्या रविवारीही ते तसेच बसले होते. मी बॅग उचलली तेव्हा फाटकापर्यंत आले.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

सोमवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. मी वर्गातून निघाले तेव्हा फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

२

नानांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, घर मोठं वाटू लागलं. मी रजा वाढवली. प्रवीण पुण्याला जायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरवरची चादर काढायला गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, रिमोट कुठंय?"

डबी जागेवर होती. वायरही नीट होती. रिमोट मात्र नव्हता. आम्ही टेबलाखाली, गादीखाली, नानांच्या स्वेटरच्या खिशात, सगळीकडे पाहिलं.

"त्या दिवशी घरात इतकी माणसं," प्रवीण म्हणाला. "पण ती वस्तू काय आहे हे एकालाच माहीत होतं."

"कानिफनाथ?"

"नगरमध्ये दुसरा नाही, असं कोण म्हणायचं?"

"म्हणणं आणि उचलणं यांत फरक आहे."

"तुला सगळ्यांतच फरक दिसतो." तो चप्पल घालून नाक्यावर गेला आणि तासाभरात परत आला. चेहऱ्यावरून कळलं की दुकानात चार माणसांसमोर बोलून आलाय, आणि हाती काही लागलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून नानांचे कुणी जुने सहकारी होते. पुंजाराम आहेत का, असं त्यांनी विचारलं. "नाना बाहेर गेलेत," मी याही वेळी म्हणाले आणि फोन ठेवला. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं.

आई इतका वेळ गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिमोट कशाला शोधताय? त्याच्याबिगर गाडी चालती."

"कुठली गाडी?"

"त्यांची. रोज संध्याकाळी."

३

त्या संध्याकाळी आईने वंदना केली, मेणबत्ती लावली, आत्याच्या डोळ्यांत थेंब घातले. मग पुढच्या खोलीत येऊन नानांनी शिकवल्याप्रमाणे कॉम्प्युटर सुरू केला, खेळ उघडला, एन्टर दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी आणि प्रवीण तिच्या मागे उभे राहिलो.

पडद्यावर तीन, दोन, एक झालं. बाकीच्या गाड्या सुटल्या. नानांची निळी गाडी उभी होती.

मग ती निघाली.

कीबोर्डवर कुणाचा हात नव्हता. गाडी थोडी सरळ गेली, डावीकडे वळली आणि रस्त्याकडेच्या भिंतीला जाऊन टेकली. तिथेच घरघरत राहिली. मध्येच किंचित मागे यायची आणि पुन्हा टेकायची. आई निश्चल पाहत होती.

प्रवीणने पुढे होऊन बटण बंद केलं. "रविवारी परत येतो आणि हे सगळं पुण्याला नेतो," तो मला ओसरीत म्हणाला. "ती असं रोज बसणार असेल तर मला चालणार नाही. आपल्या घरात असलं? नाना काय म्हणाले असते?"

काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. अंगात येणं, भुतं, नवस यांची नानांना चीड होती. रात्री घाटात गाडी बंद पडली आणि प्रवासी कुजबुजू लागले की ते बॉनेट उघडून म्हणायचे, "कारन असतंया. हुडकलं की घावतं."

"रविवारपर्यंत थांब," मी म्हणाले. "मी हुडकते."

आईच्या त्या बसण्याचं काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. कारण सापडलं तर ते तिच्या हातातून काढून घ्यावं लागणार होतं. नाही सापडलं तर प्रवीण कॉम्प्युटर उचलून नेणार होता. म्हणजे दोन्हीकडून तिचं जाणारच.

४

दुसऱ्या दिवशी मी कानिफनाथच्या दुकानात गेले. त्याने स्टूल दिलं नाही.

"झडती घ्यायला आलात का मॅडम? घ्या. काल तुमच्या भावाने नुसतं तोंडानं घेतली."

"माफी मागायला आले. आणि एक कोडं आहे."

मी गाडीची हकीकत सांगितली. राग धरून ठेवायचा त्याने थोडा वेळ प्रयत्न केला, पण कोडं चांगलं होतं. तो दुकानाला कुलूप लावूनच माझ्याबरोबर निघाला.

त्याचा पहिला तर्क चुकला. रिमोटचा मध्य सरकला की गाडी आपोआप एका बाजूला ओढते, असं तो म्हणाला. पण आम्ही दुपारी खेळ सुरू करून ठेवला तर गाडी तासभर उभीच. ओढ असती तर दुपारीही असती. दुसरा तर्क अडकलेल्या कीचा. आम्ही खेळ सुरू करून कीबोर्डची वायर उपसून ठेवली. संध्याकाळी वंदना झाली, आई येऊन बसली, आणि गाडी तरीही निघाली.

कानिफनाथ टेबलापासून एक पाऊल मागे सरला.

"डबीचं चॅनेल बदल," मी म्हणाले.

त्याने दोनवरचं चाक चारवर नेलं. गाडी थांबली. परत दोनवर आणलं तर ती चालायला लागली.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे कुठंतरी रिमोट आहे. आणि आत्ता कुणीतरी तो दाबतंय. बटण सोडलं की थोड्या वेळाने तो झोपतो, दाबलं की जागा होतो."

"किती लांबून?"

"फार नाही. दहा-बारा फूट. सेल उतरले की त्याहून कमी. पण भिंत त्याला आडवी येत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक अरुंद बोळ आणि बोळापलीकडे मच्छिंद्रकाकांची खिडकी. आत दिवा लागलेला होता.

५

आईला मी त्या सोमवारबद्दल विचारलं. जेवण झाल्यावर नाना खेळायला बसले होते. ती चहा घेऊन आली तर मान कलंडलेली. ती तशीच काकांना हाक मारायला पळाली.

"रिमोट हातात होता?"

"मी तोंड बघितलं गं त्यांचं. हात कोन बघतंय?"

काका अंगणात पेपर वाचत होते. मी समोर बसले.

"आले बाई सीआयडी," ते म्हणाले. "इचार."

"तुम्ही आत आलात तेव्हा नानांच्या हातात काय होतं?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "काय न्हवतं. हात रिकामा हुता. पन बोटं अशी," त्यांनी दोन्ही हात हवेत वाकवले, "स्टेअरिंग धरल्यागत. मीच सरळ केली."

"कानिफनाथ कधी आला?"

"माझ्या मागनं. डाक्टरला त्यानंच फोन केला. त्याच्यावर आळ घेतला म्हनं पव्यानं? गाढव हाय."

काका खरं बोलत असतील तर कानिफनाथ सुटला. तो यायच्या आधीच रिमोट गेला होता. पण हात रिकामा होता हे सांगणारे एकटे काकाच होते. त्यांची खिडकी बोळापलीकडे होती. संध्याकाळी फिरून ते घरी यायचे, ती वेळही हीच.

"काका, संध्याकाळी घरी आलात की काय करता?"

त्यांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "खिडकीत बसतो. तुमच्याकडनं गाडीचा आवाज येतो. मी पेला घेतो अन् चमचा घेतो." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "वाजवत न्हाई. ते चालवतंय कोन, ते ठाऊक न्हाई. माझा ड्रायव्हर न्हाई एवढं कळतं. भिंतीला लावून रेस करतंय. पुंजा असली गाडी चालवंल?"

हे माझ्याही मनात पहिल्याच संध्याकाळी आलं होतं. ते मी कुणाला बोलले नव्हते. सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता आणि मला तो नको होता.

आत्याला मी काही विचारलं नाही. तिला दिसतच नव्हतं. साक्षीदारांच्या यादीतून मी तिचं नाव पहिल्याच दिवशी खोडलं होतं. पुस्तकांतले हुशार लोक अशीच चूक करतात आणि त्यांना हसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे.

६

शनिवारी संध्याकाळी आईने थेंब घातले आणि ती येऊन बसली. गाडी निघाली, पण अडखळत. थोडी चालायची आणि थांबायची. सेल उतरत आले होते. मला हेच हवं होतं.

डबीची वायर लांब होती. मी डबी उचलून हात लांब करून खिडकीच्या गजापाशी नेली. काकांच्या बाजूला. रिमोट तिकडे असता तर गाडीने जोर धरला असता.

गाडी थांबली.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. मी उलटी वळले, डबी आतल्या भिंतीपाशी नेली आणि भिंतीला टेकवली.

गाडी भन्नाट सुटली.

आतल्या भिंतीपलीकडे एकच खोली होती. त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि त्याला यावेळी डोळे मिटून बसायला सांगितलेलं होतं. आई काकांना बोलवायला पळाली, तेव्हा घरात नानांबरोबर उरलेलं माणूसही तेच होतं. मला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी डबी खाली ठेवली आणि मधलं दार लोटलं.

७

आत्या कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. पट्टी निघाली होती, डोळे मिटलेले, पापण्यांखाली ओल. अंगावर शाल. शालीखाली दोन्ही हात मांडीवर एकत्र.

मी शेजारी बसून शाल बाजूला केली. काळा रिमोट तिच्या दोन्ही तळव्यांत होता. खेळणारं माणूस धरतं तसा तो धरलेला नव्हता. कुणाचा हात धरावा तसा धरलेला होता. अंगठा बटणांवरून सावकाश फिरत होता. अंगठा दाबला गेला की बाहेर गाडीचा आवाज चढायचा.

"आत्या, हे काय आहे माहीत आहे का?"

"पुंजाचं हाय." तिने डोळे उघडले नाहीत. "वयनी बाहेर पळाली. मी चाचपत गेले. म्हनलं पानी पाजावं. त्याचा हात घावला. गरम हुता गं. बोटात हे. सोडंनाच. मी एकेक बोट उकललं अन् काढलं. म्हनलं, हात मोकळा झाला तर माझा धरंल."



"सांगितलं का नाहीस? आम्ही घर पालथं घातलं."

"तुमी रिमोट हुडकत हुता. टीव्हीचा असंल म्हनलं. ह्याला तार न्हाई, काय न्हाई. तार तुटलेलं खेळनं, कुनाला काय कामाचं? तो मला थेंब घालून बसायचा न्हवं हितं. आता ह्या वक्ताला हे घेऊन बसते. काय बिघडलं का त्यानं?"

"काही बिघडलं नाही."

राजूरच्या तिच्या घरात चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तार होती. दिव्याला, रेडिओला, चक्कीला. तार नसलेली वस्तू मेलेलीच असणार. पडदा तिने कधी पाहिलाच नव्हता. भाऊ घरात गाडी चालवतो म्हणायचा, तेव्हा तो चेष्टा करतोय असं तिला वाटायचं.

दारात आई उभी होती. किती वेळ, मला कळलं नाही. मी तिला काही सांगण्याआधी तिनेच विचारलं, "आक्का हाय व्हय?"

"आई, तुला..."

"मला काय वाटलं, तुझा बा हाय? सगळा जन्म त्याच्या मागच्या सीटवर गेला माझा. एक ओरखडा काढला न्हाई त्यानं गाडीला." ती येऊन आत्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. "पन कुनीतरी सोडत न्हवतं. एवढं दिसत हुतं. म्हनलं, जे कोन आसंल त्याच्या सोबतीला बसावं. एकट्यानं कशाला?"

मी तिच्यापासून जपत होते ते तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. मग इतके दिवस मी जपत होते ते कुणापासून, हा शेवटचा प्रश्न होता. त्याला साक्षीदार लागत नव्हता.

आत्याने डोळे उघडले. नवे डोळे पाणावलेले होते, पण ते थेट माझ्यावर ठरले.

"मला दिसत न्हवतं, पन ऐकू येत हुतं बरं का," ती म्हणाली. "फोन येतो. तू म्हनतीस, नाना बाहेर गेल्यात. दर येळंला. मी हितं बसून ऐकते. शिकलेली पोरगी म्हनती तर आसंल. म्हनून मीबी हे सोडत न्हाई."

"आक्का," आई म्हणाली.

"न्हाई वयनी, म्हनू दे तिला. तू रडलीस, पव्या रडला. हिनं कानिफनाथाला इचारलं, मास्तरला इचारलं, भिंतीला इचारलं."

बाहेर शर्यत संपल्याची धून वाजली. निळी गाडी शेवटची आली असणार. बोळापलीकडून, बहुतेक नकळत, पेल्यावर चमच्याचा एक ठोका ऐकू आला. सिंगल बेल. गाडी थांबवायची.

मी आत्याच्या तळव्यांतला रिमोट काढला नाही. रिमोटसकट तिचे हात माझ्या हातांत घेतले. ते गरम होते.

"आत्या," मी म्हणाले, "नाना बाहेर गेले नाहीत." आवाज माझाच होता आणि अनोळखी होता. "नाना वारले. सोमवारी दुपारी. आपले नाना मेले, आत्या."